हिंदुरावांची तसबीर

कुरणवाडीच्या शाळेत ड्रॉइंगचा तास म्हणजे पोरांना हुंदडायला दिलेली मोकळीक, असं हेडमास्तर तोंडावर बोलून दाखवायचे आणि ज्योतीराम मास्तर ते मुकाट्यानं ऐकून घ्यायचे. न ऐकून सांगतात कुणाला? त्यांची नेमणूक दर जूनला नव्यानं व्हायची आणि उन्हाळ्याला संपायची. मधले महिने मास्तर लग्नघरांच्या भिंतींवर हत्ती, घोडे आणि दाराच्या दोन्ही अंगांना चोपदार काढून पोट भरायचे. यंदा तर शाळेच्या कमिटीत वेगळंच घाटत होतं. ड्रॉइंग बंद करायचं आणि त्या जागी शेतकीचा मास्तर आणायचा. कांद्याच्या आणि भुईमुगाच्या गावात पोरांनी फुलदाणी काढून करायचं काय, असा सवाल कुणीतरी टाकला होता. सवाल अगदीच खोटा नव्हता, म्हणून तो मास्तरांना जास्त लागला.

मास्तर मूळचे ओतूरकडचे. बाप बैलगाड्या रंगवायचा, पोळ्याला शिंगांना हिंगूळ लावायचा. बापाच्या हाताखाली कुंचला धरता आला तसे ते पुण्याला पळाले आणि नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका पेंटराकडे राबले. शिडीवर चढून आभाळ रंगवता रंगवता मान जी एका बाजूला कलली, ती तशीच राहिली. पुढं परीक्षा दिल्या, मास्तरकीचा कागद मिळवला आणि चाकणच्या अलीकडं या गावात येऊन पडले. बायको मंजुळाबाई माहेराहून आणलेली पत्र्याची ट्रंक अजून पुरती उघडत नव्हती. "कवा हितनं उठावं लागंल काय नेम," असं म्हणून ती रोजच्या दोन लुगड्यांवर भागवायची.

एका गोष्टीसाठी मात्र मास्तरांचं नाव खेड तालुक्यात घेतलं जायचं. ज्याचा जन्मात कधी फोटो निघाला नाही अशा मेलेल्या माणसाची तसबीर ते काढून द्यायचे. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं मानणारी म्हातारी माणसं अजून गावोगाव होती, आणि ती मेली की लेकांना हॉलमध्ये लावायला बाप मिळत नसे. मास्तर त्या घरी जाऊन बसायचे. नात्यातली माणसं एकेक करून समोर उभी करायचे. कान थोरल्याचा घ्यायचा, कपाळ बहिणीचं, हनुवटी नातवाची, आणि मग घरच्या बाया "न्हाई, ह्याहून रुंद हुतं" असं म्हणत म्हणत तो माणूस जोडून द्यायच्या.

श्रावण निम्मा सरला होता तेव्हा यशवंतरावांचं बोलावणं आलं.

यशवंतराव म्हणजे शाळेच्या कमिटीचे चेअरमन. पिंपरीला कारखाने उभे राहायला लागले तसे त्यांचे ट्रक तिकडं विटा आणि वाळू टाकू लागले, आणि वर्षभरात गावाच्या तोंडाशी त्यांचं माडीचं नवं घर उभं राहिलं. हॉलची फरशी अशी गुळगुळीत की मास्तर ओल्या पायांनी आत जायला कचरले. समोरच्या भिंतीवर खिळा ठोकून तयार होता आणि खिळ्याखाली काहीच नव्हतं.

"हितं आबा पाहिजेत," यशवंतराव म्हणाले. आबा म्हणजे त्यांचे वडील हिंदुराव. त्यांना जाऊन काही वर्षं झाली होती. "दारातनं माणूस आत आला की पैल्यांदा आबा दिसाय पाहिजेत. पितरांच्या म्हाळाच्या आत पुरं करा. म्हाळाला सगळा तालुका जेवायला येणार हाय."

"करतो की."

"आणि मास्तर, त्या शेतकीच्या मास्तराचं आमच्या डोक्यात घोळतंय, ते तुमच्या कानावर आलंच असंल. तसबीर झाली म्हंजी तुमच्या जागेचं मी बघतो. कायमचं."

मास्तरांनी मान हलवली. ती कललेलीच असल्यामुळं यशवंतरावांना होकार की नकार ते चटकन कळलं नाही.

घरी आल्यावर मंजुळाबाईनं चुलीपुढून विचारलं, "कायमचं म्हणले? त्यांच्या तोंडानं?"

"त्यांच्याच."

दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंक उघडून आतली पातळं उन्हात टाकली.

मांजरपाटाला सरस चढवून, वर सफेद्याचे हात देऊन मास्तरांनी चौकट तयार केली आणि यशवंतरावांच्या पडवीत मांडली. बाहेर रिपरिप चालली होती. तेल वाळत नव्हतं. घरची माणसं गोळा झाली. यशवंतराव पुरते आईवर गेलेले, अरुंद तोंडाचे, टोकदार नाकाचे; त्यांच्याकडून घ्यायला एक कान निघाला. हिंदुरावांची बहीण छबूबाई आळंदीहून मुद्दाम आली होती. ती उत्साहानं सांगायची, पण तिचा भाऊ तिच्या तोंडून रोज वेगळा यायचा. एकदा मिशा झुपकेदार, एकदा पीळ दिलेल्या.

हिंदुरावांची बायको सुभद्राबाई मात्र खांबाला टेकून वाती वळत बसायची. विचारलं तेवढंच बोलायची आणि नवऱ्याचं नाव काही तोंडातून काढायची नाही. पण एकदा आपण होऊन म्हणाली, "त्यांचा अंगठा मागं वळायचा. काठी धरली तरी बोटांवर बसायचा न्हाई. असा." तिनं आपला अंगठा मागं वळवून दाखवायचा प्रयत्न केला. तो वळला नाही.

तोंडाचं काही जमवता येईल, पण धड कुठून आणायचं, हा मास्तरांपुढं पेच होता. हिंदुराव आडव्या हाडाचे, भरल्या खांद्यांचे होते म्हणे. घरातली सगळी माणसं काटक्या. पटका आणि कोट चढवून कुणाला तरी खुर्चीत बसवल्याशिवाय ते वजन कापडावर येणार नव्हतं.

"भैरूला बसवा," सुभद्राबाई वात वळता वळता म्हणाली. "त्येचे खांदे तसंच हायत."

भैरू त्यांचा सालगडी. आई त्याच मळ्यात खुरपता खुरपता म्हातारी होऊन मेली, आणि हाही तिथंच जन्मून तिथंच चाळिशीला आलेला. यशवंतराव चाकणच्या बाजाराला गेले होते. छबूबाईनं एकदा वहिनीकडं पाहिलं आणि मग सुपातले तांदूळ निवडायला घेतले. ज्योतीराम मास्तर परगावचे. त्यांना त्या पाहण्यात काही दिसलं नाही. त्यांनी मळ्यात निरोप धाडला.

कांद्याची रोपं लावता लावता भैरू उठून आला. गुडघ्यापर्यंत चिखल. पाय धुतले तरी पडवीच्या कडेलाच उभा.

"बस," मास्तर म्हणाले.

तो खाली बसला.

"अरे, खुर्चीत."

"खुर्चीत? मी?"

"तुला न्हाई बसवत. तुझ्या खांद्यांना बसवतोय."

भैरू हसला आणि खुर्चीच्या अगदी काठावर टेकला. जन्मात त्या घरच्यांपुढं तो उंचावर कधी बसला नव्हता. बसायचं म्हणजे पाठ टेकायची असते हेच त्याच्या अंगाला माहीत नव्हतं. दोन दिवस गेले तेव्हा कुठं पाठ मागं रेलली. हिंदुरावांचा कोट त्याला बेतून शिवल्यागत बसला. पटका मास्तरांनी बांधायला घेतला, तर भैरूनं "माज्याकडं द्या" म्हणून तो स्वतःच बांधला आणि नकळत डाव्या कानावर जरा झुकवला. बाहेर यशवंतरावांचा ट्रक वाजला की तो ताडकन उठायचा, पटका काढून मांडीआड धरायचा. यशवंतराव घाईत असत. पडवीकडं न बघताच आत जात.

मास्तरांनी हात आधी काढले. भैरूच्या हाती काठी दिली आणि ते कामाला लागले. नखं रुंद, सांधे जाड, आणि अंगठा बोटांवर न बसता मागं वळलेला. म्हातारीनं सांगितलं होतं अगदी तसा. दुसऱ्या कुणाला एवढ्यावरनं कळलं असतं. पण चित्र जमून येताना मास्तरांना बाकी काही सुचत नसे. आयता अंगठा मिळाला, याचाच त्यांना आनंद झाला. मग समोर बघत बघत नाक बसकं केलं, गालाची हाडं रुंद केली, तसं "ह्याहून रुंद हुतं" असं म्हणायला कुणी उरलं नाही.

डोळे शेवटी. हा त्यांच्या बापाचा नेम. बाप चोपदाराचेही डोळे शेवटी काढायचा, आणि त्या वेळी लग्नघरची सगळी माणसं पुढं उभी राहून दिवा ओवाळायची. डोळे उघडेपर्यंत चित्र कुणाचंच नसतं, असं तो म्हणायचा. मास्तरांनी हा नेम कधी मोडला नाही. त्यांनी दिवस सांगितला. यशवंतरावांनी भावकीतली चार माणसं बोलावली, छबूबाईनं निरांजन लावलं, आणि सगळे पडवीत मास्तरांच्या पाठीमागं दाटीनं उभे राहिले. उजेड चांगला पडला होता. समोर खुर्चीत भैरू बसला होता. कोट, पटका, हातात काठी. एवढ्या माणसांपुढं उठावं की बसावं हे त्याला कळेना, म्हणून तो मास्तरांनी सांगितल्याप्रमाणं सरळ बघत राहिला.

मास्तरांनी खारीच्या केसांचा बारका कुंचला घेतला. डावी पापणी किंचित उतरलेली, ती तशी ठेवली. बुबुळं भरली. शेवटी दोन्ही डोळ्यांत पांढऱ्याचा ठिपका दिला आणि बाजूला झाले.

"अगं बया," छबूबाई म्हणाली. "दादाच की गं."

पण ती तसबिरीकडं बघत नव्हती. निरांजन हातात तसंच धरून ती खुर्चीकडं बघत होती. तिच्या मागोमाग भावकीतल्या माणसांनी आधी कापडाकडं पाहिलं, मग खुर्चीकडं, मग पुन्हा कापडाकडं. गावाला ही गोष्ट भैरूच्या जन्मापासून ठाऊक होती. फक्त ती आजवर कुणी अशी पटका बांधून समोर बसवलेली पाहिली नव्हती.

सुभद्राबाई खांबापासून उठली. दोन पावलं पुढं आली आणि डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत खाली ओढला.

यशवंतरावांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. आत्ता, इतक्या उशिरा, मास्तरांना तो अंगठा समजला.

"ए," यशवंतराव भैरूला म्हणाले. "उठ. ते काढ अंगावरनं."

भैरूनं कोट काढून घडी केली. पटका सोडून त्याची गुंडाळी केली. दोन्ही खुर्चीवर ठेवलं, काठी कोपऱ्यात टेकवली आणि पाठ न फिरवता मागच्या मागं पायरी उतरला.

भावकी चहा न घेताच पांगली. यशवंतराव तसबिरीपुढं उभे राहिले, पण तिच्याकडं न बघता म्हणाले, "मास्तर, आबा असं न्हवतं."

"आत्याबाई तर—"

"आत्याला दिसत न्हाई नीट. आबांचं नाक आमच्यावानी हुतं. सरळ. रंगानं उजळ. मिशांना पीळ. तुमी ही घरी न्या आणि नीट करून आणा. म्हाळाला अजून येळ हाय." दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "शेतकीच्या मास्तराचा अर्ज येऊन पडलाय, बरं का."

मास्तर कुंचले धूत बसले. एकच कुंचला पुनःपुन्हा धुतला गेला. सुभद्राबाई अजून तिथंच होती. तिनं निरांजनाची वात पुढं सारली.

"आई, तुमाला ठाऊक होतं?" मास्तरांनी खालच्या आवाजात विचारलं.

"मला ठावं नसंल व्हय? त्येच्या आईच्या बाळंतपणात डिंक-खोबरं कुनी धाडलं हुतं?"

"मग त्यालाच का बसवायला सांगितलंत?"

म्हातारीनं वातीवरची काजळी झटकली. "मला त्यांना येकदा बघायचं हुतं," ती म्हणाली. "लेकात कुटं दिसतच न्हाईत वो."

ओल्या रंगाला लागणार नाही असं धोतराचं पान वरून टाकून मास्तरांनी तसबीर घरी आणली आणि भिंतीला तोंड करून ठेवली. मंजुळाबाईला सगळी गोष्ट विहिरीवरच कळली होती.

"मग? बदलणार न्हवं?" तिनं विचारलं.

"चांगली झालीय गं. एवढी चांगली माझ्या हातून कधी झाली नव्हती."

"व्हऊ द्या की. आपल्याला काय करायचंय दुसऱ्याच्या बापाचं नाक? त्यांना सरळ पाहिजे तर सरळ द्या. वाकडं म्हणले तर वाकडं द्या." मग आवाज उतरवून म्हणाली, "मी पातळं खुंटीवर लावलीत सगळी. पुन्हा ट्रंकेत भरायला लावू नका."

तिचं काही चुकत नव्हतं. मास्तरांना स्वतःचाच राग आला, आणि तो कुणावर काढावा हे न सुचल्यामुळं त्यांनी भाकर अर्धी टाकून हात धुतले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर भैरू दारात आला. खांद्याला घोंगडी, हातात बोचकं. यशवंतरावांनी त्याला मळ्यावर येऊ नको म्हणून सांगितलं होतं. साल पुरं व्हायची वाटही पाहिली नव्हती. पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर माणसं घेतात असं ऐकून तो निघाला होता.

"माझ्यामुळं झालं," मास्तर म्हणाले.

"तुमी काय केलं? बस म्हणला, बसलो." भैरू उंबऱ्याच्या बाहेरच उकिडवा बसला. "मास्तर, तेवढी येकदा दावा की. त्या दिशी मला बघताच आली न्हाई. सगळी तिकडनं बघत हुती, मी हिकडं."

मास्तरांनी तसबीर फिरवून उजेडात धरली. भैरू बराच वेळ बघत राहिला. न्हाव्याच्या आरशाखेरीज त्यानं स्वतःचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या आरशात एका वेळी निम्मंच मावायचं.

"पटका ब्येस आलाय," तो म्हणाला.

मंजुळाबाईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तो त्यानं वरूनच घशात ओतला.

"थोरले धनी मला कवा नावानं हाक मारायचे न्हाईत," तो पुढं म्हणाला. "ए गड्या म्हणायचे. पर दुपारी मळ्यात आले की माझं फडकं उघडून बघायचे, भाकरीसंगं काय हाय त्ये. कोरडी असली की काय बोलायचे न्हाईत. सांच्याला घरनं कालवण यायचं." तोंड पुसून त्यानं तसबिरीकडं पुन्हा पाहिलं. "ही पुसणार म्हणं तुमी?"

"तोंड तेवढं बदलायचंय."

"कवा?"

"आजच बसणार होतो."

"मग मी वड्याच्या पलीकडं जाऊस्तवर थांबा," भैरू म्हणाला आणि बोचकं उचललं.

मास्तर दारात उभे राहिले. घोंगडी ओढ्यात उतरली, पलीकडच्या चढावर वर आली, सडकेला लागली आणि दिसेनाशी झाली. तरीही ते आणखी थोडा वेळ उभे होते. मग आत येऊन त्यांनी पातं घेतलं आणि गालाच्या हाडावरनं रंग खरवडायला सुरुवात केली. ओला रंग होता, लोण्यासारखा निघून आला. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी टर्पेंटाइनवर ढकललं.

नवं तोंड करायला फारसे कष्ट पडले नाहीत. नाक सरळ, रंग उजळ, मिशांना पीळ. डोळे या वेळी त्यांनी शेवटी काढले नाहीत, नाकाच्या आधीच काढून टाकले. कुणाला बोलावलं नाही, दिवा लावला नाही. पाहणाऱ्याला वाटावं, यशवंतरावच जरा उतारवयात पटका बांधून बसलेत. खांदे कोटात झाकलेले होते, ते तसेच राहिले. हातांपाशी आल्यावर मास्तर थांबले. कुंचला रंगात बुडवला, पुन्हा पुसला. हातांबद्दल यशवंतराव काही बोलले नव्हते.

भाद्रपदातला तो दिवस ऊन पडलेला निघाला. म्हाळाला खरोखरच निम्मा तालुका लोटला. दारातून आत येणारा प्रत्येक माणूस आधी समोर बघायचा आणि म्हणायचा, "वा, आबा!" हिंदुरावांना जन्मभर पाहिलेली माणसंही तसंच म्हणत होती. छबूबाईनंही म्हटलं, आणि मग लगबगीनं स्वयंपाकघरात गेली. खुर्ची पडवीत नव्हती.

यशवंतराव धोतर-उपरण्यात होते. त्यांनी मास्तरांना हाताला धरून तसबिरीपुढं नेलं. "आत्ता कसं! न्हाईतर तवा काय केलं हुतं तुमी. आणि हे हात बघा, झकास आलेत. काठी कशी धरलीय!" मग कानाशी लागून म्हणाले, "कमिटीत शब्द टाकलाय मी. तुमची जागा कायम झाली म्हणून समजा. शेतकीचं बघू पुढं-मागं."

मास्तरांनी हात जोडले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं आणि अंगात कुठंच आनंद उठत नव्हता. मंजुळाबाई बायकांत बसली होती. ती खास ठेवणीतलं पातळ नेसली होती.

तसबिरीला हार घालायची वेळ झाली तसं कुणीतरी म्हणालं, आईंना बोलवा. सुभद्राबाई आतून आली. हातात झेंडूचा हार होता. तिनं मान वर करून त्या सरळ नाकाच्या, पिळदार मिशांच्या तोंडाकडं पाहिलं. पाहून झालं. पदर होता तिथंच राहिला. परक्या घरातली तसबीर बघावी तसं तिनं पाहिलं आणि हार यशवंतरावांच्या हाती देऊ लागली.

तेवढ्यात तिची नजर खाली उतरली.

ती तिथंच थांबली. हार तिनं पुन्हा स्वतःकडं घेतला. एक पाऊल पुढं झाली, वाकून काठीवरच्या त्या मागं वळलेल्या अंगठ्याला बोट लावलं, आणि मग हळूहळू, सगळ्या पाव्हण्यांसमोर, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत खाली ओढला.

"बघा मास्तर," यशवंतराव भरल्या गळ्यानं म्हणाले, "आईनं ओळखलं."

"व्हय," मास्तर म्हणाले, आणि पंगतीत जाऊन पानावर बसले.